घरात आणखी कुणाला?

लालासाहेब घार्ग्यांचा उजव्या पायाचा अंगठा एका रात्रीत वांग्याएवढा झाला. सकाळी उठून नेहमीप्रमाणे त्यांनी पाय पायताणात घातला आणि असे काही ओरडले, की दाराशी बांधलेली म्हैस धार द्यायची थांबली. त्यांच्या पत्नी लीलाबाई चरवी तशीच हातात घेऊन आत आल्या.

"आवं, काय झालं?"

"काय न्हाई. मुंगी चावली."

"मुंगी चावून एवढं सुजतं व्हय?"

"हळू बोल की. शेजारी ऐकत्यात."

घार्ग्यांच्या घरात दुखणे चोरून करायची रीत पडली होती, आणि त्याला कारण होते अंजना. लालासाहेबांची ही एकुलती एक लेक अकरावी पास झालेली, दिसायला नेटकी, कामाला वाघीण. तिच्या हातचा रस्सा खाऊन पाहुणे तोंड भरून कौतुक करीत आणि घरी गेल्यावर नकार कळवीत. कोरेगावकडचे पाहुणे आले तेव्हा लालासाहेबांच्या आई येसूबाई त्यांना राम राम करायला उठल्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे असे वाजले, की मधल्या माणसाने दचकून छताकडे पाहिले. वाईकडच्यांनी तर निरोपच धाडला, "मुलगी पसंत आहे, पण घरात वात आहे म्हणतात. पोरीच्या अंगात उतरला तर आम्ही काय करायचं?" हा निरोप आला त्या दिवशी लालासाहेब जेवले नाहीत. तेव्हापासून घरात कुणी लंगडायचे नाही, कण्हायचे नाही आणि पाहुण्यांसमोर उठायचे नाही, असा कायदाच झाला होता.

पण अंगठ्याला कायदा कुठला ठाऊक? दुपारपर्यंत तो तांबडालाल झाला आणि पांघरुणाचे टोक लागले तरी लालासाहेबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. शेवटी लीलाबाईंनी आपल्या भावाला, कृष्णातला, बोलावून आणले. कृष्णातने बैलगाडी जुंपली, दाजींना गवताच्या पेंढ्यावर बसवले आणि रहिमतपूरची वाट धरली. अंजनाला शिंप्याकडे पोलके टाकायचे होते, म्हणून तीही गाडीत चढली.

रहिमतपूरच्या पेठेत जुने डॉक्टर होते तोवर कारभार सोपा होता. ते म्हणत, "जीभ दाखव," आणि जीभ आत जायच्या आधी दंडात सुई गेलेली असे. ते लेकाकडे पुण्याला निघून गेले आणि त्यांच्या जागी मिरजेला शिकलेले मानसिंग मोहिते नावाचे तरुण डॉक्टर आले. हाडाला हात लावण्याआधी माणसाला बोलते करावे, निम्मा रोग तिथेच सापडतो, असे त्यांना गुरूंनी शिकवले होते. ते त्यांनी इतके मनावर घेतले होते, की ठेच लागून आलेला माणूससुद्धा त्यांच्या टेबलासमोर आपल्या आज्याची हकीकत सांगत बसे. लोकांना वाटे, सुई कधी देणार हे? पेठेतल्या बायका म्हणत, पोरगं गुणी आहे, पण चौकशाखोर आहे.

लालासाहेब बाकावर टेकले. शेजारी कृष्णात बसला. अंजना पोलके टाकून येऊन दाराशी उभी राहिली.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"आज पहाटंपासनं."

"कुठं आपटला? काही टोचलं? ताप आला?"

"तसं कायबी न्हाई. झोपलो तवा बरा हुता, उठलो तवा असा."

"काम काय करता?"

"शेती. ऊस हाय."

"स्वतः राबता, की गडी आहेत?"

"दोनी."

इथवर लालासाहेब सरळ बोलत होते. मग डॉक्टर पुढे झुकले आणि म्हणाले, "वडील आहेत?"

"न्हाईत."

"कशानं गेले? त्यांना सांध्यांचा काही त्रास होता?"

लालासाहेबांनी तोंड उघडले आणि त्यांच्या मांडीला जबरदस्त चिमटा बसला. कृष्णातने काढला होता. या कृष्णातने तालुक्यातल्या कितीतरी सोयरिकी जमवल्या होत्या. मुलीच्या घरची चौकशी कशी करतात ते त्याला तोंडपाठ होते. आधी शेती, मग राबणारे हात, मग वडील, मग आई, आजोळ, खाणेपिणे आणि शेवटी व्यसन. डॉक्टर त्याच वाटेने पावलापावलाने चालले होते. पोरगा बिनलग्नाचा, मोहित्यांचा, म्हणजे आपल्यातलाच, आणि दारात अंजना उभी. कृष्णातला अंगठ्याचा पार विसर पडला.

"थोरलं आबा का?" तोच म्हणाला. "कशाचा तरास? हरणावानी चालायचं शेवटपतूर. एक दिवस जेवलं, पान खाल्लं आन् गेलं."

"घरात आणखी कुणाला असं सुजतं, दुखतं?"

"छ्या. दुखणं म्हंजे काय त्ये ह्या घराला ठावंच न्हाई."

"आईकडून? आजोळी?"

"आजोळ तर लय दणकट. ह्यांचं मामा म्हातारपणी हिरीत काठावरनं मुटका मारत्यात."

मामा गेली पाच वर्षे खाटेवर होते. लालासाहेबांनी मेव्हण्याकडे पाहिले. मेव्हण्याने भुवई अशी उडवली, की लालासाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अंगठ्याची कळ विसरून ते ताठ बसले.

डॉक्टर विचारत होते, "जेवणात मटण किती वेळा असतं?"

आता गरिबी दाखवायची वेळ नव्हती. "आठवड्यातनं चार-पाच येळा," लालासाहेब म्हणाले. "घरात काय कमी हाय?"

"आणि दारू?"

"वासबी न्हाई," दोघे एकदम म्हणाले.

"स्वयंपाक कोण करतं?"

कृष्णातने दाजींकडे असे पाहिले, की झाले, आता नारळ फोडायचाच राहिला. लालासाहेबांनी दाराकडे हात केला. "ही आमची अंजनाच करती. समदं हिच्याच हाताखाली हाय."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच अंजनाकडे नीट पाहिले. "शिकलाय का तुम्ही?"

"अकरावी पास," अंजना म्हणाली.

"बरं झालं. पथ्य समजून घ्यायला घरात कुणीतरी लागतं. तुमच्या आजी आहेत का? हिंडत्या-फिरत्या आहेत?"

अंजना बोलणार तोच कृष्णात म्हणाला, "पळत्यात."

अंजनाने आपल्या या मामाकडे एक कटाक्ष टाकला. डॉक्टर उठले, खाली वाकले आणि सुजलेल्या अंगठ्याला एका बोटाने अगदी हलके शिवले. लालासाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरारले. त्यांनी वर पंख्याकडे पाहिले आणि हसले.

"दुखलं?"

"न्हाई. गुदगुल्या झाल्या."

डॉक्टर परत खुर्चीत बसले. "लालासाहेब, तुम्ही सांगताय ते आणि अंगठा सांगतोय ते काही जुळत नाही. लागल्याचं औषध वेगळं, पू झाल्याचं वेगळं आणि मला शंका येतीय त्याचं आणखी वेगळं. असं अंदाजानं द्यायला मन घेत नाही. परवा रविवार आहे, दवाखाना बंद असतो. मी तुमच्या घरी येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. तोवर पाय उंच ठेवून पडून राहा आणि पाणी भरपूर प्या."

गाडी पेठेबाहेर पडेपर्यंत कृष्णातने दम धरला.

"ऐकलंसा का दाजी? वडीलधाऱ्यांशी बोलायचं हाय म्हणं. पोरानं सोताच्या तोंडानं मागणी घातली की ओ."

"पर त्यो अंगठा कशाला दाबत हुता मग?"

"एकदम कसं इचारंल? कायतरी निमित्त नगं?"

"मामा, ते औषधासाठी इचारत हुते," अंजना म्हणाली.

"तुला काय कळतंय गं? सुई दिली का त्यांनी? न्हाई दिली. औषध करायचं असतं तर सुई दिली असती."

खरे सांगायचे तर हे खोडून काढायची अंजनालाही फारशी घाई नव्हती.

रविवारपर्यंत लालासाहेब पडून राहिले म्हणाल तर नाव नको. भिंतींना चुना झाला, सोपा सारवला, शेजारून दोन खुर्च्या आल्या. लालासाहेब दिवसातून कितीतरी वेळा पायताण घालून सोप्यातून दारापर्यंत न लंगडता चालायची तालीम करीत आणि मग माजघरात जाऊन उशी तोंडात धरीत. येसूबाईंना सोप्यात भिंतीला टेकवून बसवायचे ठरले. त्यांच्या गुडघ्यांवर वाकळ घातली, आणि बोटांच्या पेरांना गाठी आल्या होत्या म्हणून हातही वाकळेखाली ठेवायला सांगितले.

"आन् उकडलं तर?" म्हातारीने विचारले.

"उकडू दे. काय इचारलं तर म्हणायचं, लय बेस हाय."

"आन् दुसरं काय इचारलं तर?"

"तरीबी त्येच म्हणायचं."

राहता राहिला थोरल्या आबांचा फोटो. त्यात लालासाहेबांचे कैलासवासी वडील एका हाताने काठीवर रेलून उभे होते. डाव्या पायात पायताण होते आणि उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला होता, कारण फोटोवाला गावात आला त्याच आठवड्यात त्यांचाही अंगठा सुजला होता. फोटो काढून ठेवावा तर भिंतीवर चौकोन उमटलेला. कृष्णातने त्यावर खताच्या दुकानाचे कॅलेंडर टांगले. कॅलेंडर थोरल्या आबांच्या कमरेपर्यंतच पुरले.

रविवारी दुपारी डॉक्टर फटफटीवरून आले. लालासाहेब हसतमुखाने दारापर्यंत सामोरे गेले. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"तुम्ही चालताय कशाला? पडून राहायला सांगितलं होतं ना?"

"पडून ऱ्हायची आमच्यात सवयच न्हाई कुणाला," लालासाहेब म्हणाले आणि चटकन खुर्चीत बसले.

डॉक्टर येसूबाईंकडे वळले. "आजी, गुडघे कसे आहेत?"

"लय बेस हाय."

"बघू, जरा उठा."

"लय बेस हाय."

"बरं, हात तरी दाखवा."

म्हातारीने लेकाकडे पाहिले. कृष्णात मध्ये पडला. "त्यांचा जप चाललाय. माळ वडत्यात वाकळंखाली."

डॉक्टरांनी घाम पुसला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. खताच्या कॅलेंडरखालून दोन पाय लोंबत होते. त्यांनी कॅलेंडर हळूच उचलले.

"हे वडील का? एका पायात पायताण दिसत नाही."

"नवस हुता," कृष्णात म्हणाला.

"एकच पाय अनवाणी ठेवायचा नवस?"

"जमंल तेवढा बोलायचा असतुया नवस."

डॉक्टरांनी कॅलेंडर जागेवर सोडले. तेवढ्यात पाने वाढली गेली. नको नको म्हणत असताना कृष्णातने त्यांना हात धरून पाटावर बसवले. समोर तांबडा रस्सा, सुके मटण, कलेजी, बाजरीची भाकरी. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून लालासाहेबही कलेजीवर तुटून पडले. इकडे कलेजी पोटात जात होती आणि तिकडे अंगठा घणाचे घाव घातल्यासारखा ठणकत होता.

पाहुण्याशेजारी बसून दोन गोष्टी बोलाव्यात म्हणून कृष्णातने आपला पाट जोराने पुढे सरकवला. पाटाची कड नेमकी दाजींच्या अंगठ्यावर बसली. लालासाहेब ओरडले नाहीत. ते नुसते लाल झाले, मग पांढरे झाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारले.

"रस्सा," लालासाहेब कसेबसे म्हणाले. "तिखट हाय."

भाकरी वाढायला आलेली अंजना जागच्या जागी थांबली. बापाच्या गालांवरून ओघळणारे पाणी तिने पाहिले. भाकरीची टोपली खाली ठेवून ती डॉक्टरांच्या समोर उभी राहिली.

"डाक्टर, हे समदं खोटं सांगत्यात. आमच्या आज्याला असंच व्हायचं, त्योच अंगठा. त्या फोटोत नवस न्हाई, सूज हाय. ह्या माझ्या आबांचाबी अंगठा पैल्यांदा न्हाई सुजला, गेल्या साली सुजला हुता, त्याच्या आदल्या सालीबी. आजीला उठता येत न्हाई. आबांचं मामा खाटेवर हायती. मटण आठवड्यातनं दोनदाच असतंय, आन् हे मामा आलं की गुऱ्हाळामागं दोघं पेला घेत्यात."

"अंजे," कृष्णात म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या मामा. लगीन मोडलं तर मोडू द्या. पाय गेला तर आबा उसात कसं जायाचं?"

डॉक्टरांच्या हातात घास तसाच राहिला.

"कुणाचं लग्न?" त्यांनी विचारले.

कृष्णात कांद्याच्या फोडी निरखू लागला. लालासाहेबांना बोलणे भाग पडले. "तुमचं. म्हंजे तुमचं आन् हिचं. तुमीच चौकशी केलीसा न्हवं का?"

"मी?"

"मग वडील, आजोळ, सैपाक कोण करतं, पोरगी किती शिकली, हे कशापायी इचारलंसा?"

"रोग ओळखायला," डॉक्टर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "हा आजार काही घरांत बापाकडून मुलाकडं येतो, म्हणून वडलांचं विचारलं. मटणानं, दारूनं वाढतो, म्हणून खाण्याचं विचारलं. पथ्य चुलीपाशी सांभाळावं लागतं, म्हणून स्वयंपाकाचं विचारलं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं हो."

अंजना वळली आणि आत गेली. लालासाहेबांना त्या क्षणी अंगठ्यापेक्षा दुसरीकडेच फार दुखले. लेकीला आपण होऊन चारचौघांत मान खाली घालायला लावली, आणि तिने मात्र आपल्या पायासाठी स्वतःचे ठरते आहे असे वाटणारे लग्न मोडून टाकले. त्यांना जेवण गोड लागेना. त्यांनी पायताण काढून भिरकावले आणि डॉक्टरांपुढे पाय लांब केला.

"घ्या डाक्टर. इचारा आता काय इचारायचं त्ये. लय दुखतंय बगा."

आणि मग घार्ग्यांच्या घराला कंठ फुटला. इतक्या दिवसांची दडवलेली दुखणी दाव्याला बांधलेल्या वासरांसारखी एकदम सुटली. येसूबाईंनी वाकळ भिरकावली आणि गुडघे वाजवून दाखवले. लीलाबाईंचा खांदा धुणे वाळत घालताना अडकत होता, तो त्यांनी अडकवून दाखवला. कृष्णातची टाच सकाळी पहिले पाऊल टाकताना दुखत होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसले. जेवण बाजूला ठेवून ते पाटावरच फिरून बसले आणि एकेकाला विचारू लागले. सकाळी आखडतं की संध्याकाळी? चालल्यावर मोकळं होतं की वाढतं? एक सांधा की दोन्हीकडचे? येसूबाई इतक्या रंगल्या, की डॉक्टर आता काय विचारणार ते त्या आधीच सांगू लागल्या.

"लालासाहेब, तुम्हाला झालाय तो गाऊट, म्हणजे अंगठ्याला धरणारा वात," डॉक्टर शेवटी म्हणाले. "गोळ्या देतो, चार दिवसांत चालायला लागाल. कलेजी बंद, पेला बंद. कृष्णातराव, तुम्हीपण गुऱ्हाळाकडं कमी जा. आजींचं दुखणं निराळं आहे, ते वयानं झालंय." मग त्यांनी उगाच घसा खाकरला आणि माजघराच्या दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने सांगितले, "आणि हा गाऊट तरुण बायकांना सहसा होत नाही. तेव्हा अंजनाबाईंच्या बाबतीत कुणी तशी शंका घेत असेल, तर त्याला अक्कल नाही."

माजघरात भांडे पडल्याचा आवाज आला.

"येतो मग," असे म्हणून डॉक्टरांनी एक हात जमिनीला टेकला, कंबर उचलली आणि ते तसेच राहिले. धड उठलेले नाहीत, धड बसलेले नाहीत. चेहरा मात्र हसरा होता. लालासाहेबांनी तो चेहरा लगेच ओळखला. दोन दिवस ते स्वतः तोच चेहरा घेऊन हिंडत होते.

"काय झालं डाक्टर?"

"काही नाही. जरा पायाला मुंग्या आल्या."

"मुंग्या न्हाईत," येसूबाई म्हणाल्या आणि गुडघे वाजवीत पुढे सरकल्या. तासभर त्यांनी प्रश्न ऐकले होते, आता ते विचारायची त्यांची पाळी होती. "कंबार धरलीया तुमची. हलू नगा. कवापासनं हाय हे?"

"आत्ताच. पहिल्यांदाच."

"सकाळी आखडती का?"

"छे हो."

"घरात आनी कुणाला?"

डॉक्टर उत्तर देणार तोच माजघराच्या दारात अंजना येऊन उभी राहिली. हातात गरम मिठाची पुरचुंडी होती. तिने ती आजीकडे दिली आणि डॉक्टरांकडे बघून शांतपणे विचारले, "वडलांना हाय का कंबरंचं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. पाहत राहिले. घार्ग्यांच्या सबंध घराला खरे बोलायला लावणारा तो माणूस अर्धवट वाकलेल्या अवस्थेत म्हणाला, "नाही. आमच्या घरात कंबर काय ती कुणाची कधीच दुखली नाही."

"आन् आजोळी?"

"आजोळी? आमचे मामा अजून उसाची मोळी एका हातानं उचलतात."

अंजनाने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. आत गेल्यावर मात्र तिच्या पावलांचा आवाज दाराच्या पलीकडेच थांबला.

कृष्णातने आणि लालासाहेबांनी दोन्ही बाजूंनी डॉक्टरांच्या कमरेला हात घालून त्यांना उभे केले. सदऱ्याखाली हाताला रुंद कातडी पट्टा लागला. पट्टा जुना होता, कडा झिजलेल्या होत्या, आणि एके ठिकाणी तर त्याला मोच्याने टाका घातलेला होता. आज पहिल्यांदा दुखलेल्या कमरेला हा पट्टा कुठून आला, हे विचारायला कृष्णातने तोंड उघडले. लालासाहेबांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केले.

सोयरिकीच्या घरात दुखणे का दडवतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी डॉक्टरांना हळूच भिंतीला टेकवले, पाठीशी येसूबाईंची वाकळ दिली, स्वतःचा सुजलेला पाय पुढे पसरून शेजारी बसले आणि सहज विचारावे तसे विचारले, "डाक्टर, तुमच्या गावाला यष्टी कुठनं मिळती?"

डॉक्टरांनी एकदा माजघराच्या दाराकडे पाहिले. मग कराडला कुठे उतरायचे, तिथून तासगावची गाडी कोणत्या बाजूला लागते, तिच्यात डावीकडे बसले म्हणजे ऊन का लागत नाही, फाट्यावर उतरल्यावर घर कुणाला विचारायचे आणि वडील घरात नक्की कोणत्या वारी सापडतात, हे सगळे त्यांनी अगदी खरे खरे आणि सविस्तर सांगितले.